सर, उलटं जोडलंय

"अरे, हळू! सुरी आत घालू नकोस! आत काचेचं काही असलं म्हणजे?" काटा सरांचं वाक्य पुरं होईपर्यंत शिपायानं खोक्याची चिकटपट्टी टर्रकन फाडूनही टाकली होती.

आत काचेचं काही नव्हतं. तळहाताएवढे पिवळे मीटर कागदाच्या कप्प्यांत एकाला एक लागून निजले होते. प्रत्येकाला एक लाल वायर, एक काळी. वरच्या बाजूला एक छोटी चौकट, तिच्यात आकडे उमटणार. काटा कुठंच नव्हता.

"घ्या!" मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, टाळी वाजवून म्हणाल्या. "केमिस्ट्रीचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. प्रत्येक टेबलाला एक मीटर. आता बाईंना दरवर्षी तुमच्या दारात यायला नको, आणि तुम्हाला ते जुनं धूड कडेवर घेऊन फिरायला नको. सुटलात, सर!"

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. काटा सरही हसले. त्यांनी खिडकीपाशी बसलेल्या केमिस्ट्रीच्या बाईंकडे पाहिलं. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी उठून एक मीटर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, "हलका आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं.

सर निवृत्त व्हायला तेव्हा थोडेच महिने उरले होते. त्यातला एकच दिवस त्यांनी मनाशी धरून ठेवला होता, आणि तो दिवस आता या खोक्यानं खाल्ला.

काटा सर हे नाव मुलांनी दिलेलं. फिजिक्सच्या लॅबमध्ये सर पाठीमागे हात बांधून फिरायचे आणि कोणाच्या तरी डोक्यावरून वाकून म्हणायचे, "काटा बघ, काटा! छताकडे काय बघतोस? उत्तर छतावर लिहिलंय?" त्यात अंगकाठी अशी की वाऱ्याच्या दिवशी वर्गातल्या मुली म्हणायच्या, सरांच्या खिशात वजनं ठेवा. नाव चिकटलं ते चिकटलं. शेजारच्या केमिस्ट्रीच्या बाईंनाही मुलांनी सोडलं नव्हतं. बाईंच्या पांढऱ्या ॲप्रनच्या खिशावर मोरचुदाचा एक डाग होता. तो कोणत्याही साबणाला दाद देत नसे. म्हणून त्या निळ्या बाई.

दोघांच्या लॅबमध्ये भिंत होती असं शाळेच्या नकाशात दाखवलं होतं. प्रत्यक्षात लाकडी फळ्यांचा आडोसा. इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं. तिकडे काही फुटलं की सर आपला पाठ न थांबवता म्हणत, "बीकर. अडीचशेचा." आणि तिकडून बाईंचा आवाज येई, "शंभरचा होता, सर! उगाच खर्च वाढवू नका!"

मुलांना वाटे, या दोघांचं पटत नाही. शिक्षकांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरं काय ते फक्त सरांच्या वहिनीला ठाऊक होतं, आणि तेही सरांनी सांगितलं म्हणून नव्हे.

याची सुरुवात झाली ती व्होल्टमीटरवरून. तेव्हाच्या मुख्याध्यापकांचं गणित सोपं होतं: वीज आली की फिजिक्स, वास आला की केमिस्ट्री. त्यामुळे शाळेतला एकुलता एक चांगला व्होल्टमीटर सरांच्या कपाटात. लाकडी पेटी, मोठी गोल तबकडी, आणि काट्याखाली आरशाची एक बारीक पट्टी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा, म्हणजे तिरकं बघून चूक होत नाही. सर तो मीटर स्वतः पुसत. नाकावर माशी बसू देतील, पण त्या काचेवर बोट उमटू द्यायचे नाहीत.

बाई शाळेत नव्या होत्या. एका दुपारी त्या दारात आल्या.

"सर, उद्या सेलचं प्रॅक्टिकल आहे. व्होल्टमीटर द्याल?"

"देणार नाही," सर म्हणाले. "आणीन."

"म्हणजे?"

"तुमच्या आधीच्या मास्तरांनी एक नेला होता. परत आला तेव्हा ॲसिडनं त्याचे स्क्रू खाल्ले होते. तेव्हापासून माझा नियम आहे. मी स्वतः आणणार, स्वतः जोडणार, स्वतः परत नेणार."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही सेल करा."

"मेहेरबानी!" असं म्हणून बाई गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सर लहान मूल न्यावं तसा मीटर दोन्ही हातांत धरून फळ्यांच्या पलीकडे गेले.

बाईंच्या टेबलावर दोन बीकर होते. एकात मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेटचं पाण्यासारखं पाणी आणि जस्ताची पट्टी. दोन्हींमध्ये घालायला 'यू'च्या आकाराची काचेची नळी. ही नळी म्हणजे सॉल्ट ब्रिज. आत पोटॅशियम नायट्रेट घालून शिजवलेली अगरची, म्हणजे समुद्री शेवाळाची, खळ भरायची, ती थिजली की पूल तयार. बाईंनी आणखी एक नळी मुलांसमोर भरून दाखवली. बर्नरवर खळ ढवळत त्या सांगत होत्या, "बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला, तर पूल तुटलाच समजा. वरून सगळं जोडलेलं दिसतं, आतून काही जात नाही." त्या खळ थेंब थेंब सोडत होत्या, नळीला हलकेच टिचक्या मारत होत्या. जीभ दातांत धरली होती. सर बघतच राहिले.

एवढं बघत राहिले, की त्यांनी वायरी उलट्या जोडल्या.

पूल दोन्ही बीकरांत बसला आणि काटा शून्याच्या मागे जाऊन खुंटीवर टक्कन आपटला. मग बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, उलटं जोडलंय."

"माझ्या हातून?"

"नाही, माझ्या हातून. तुमच्या नियमाप्रमाणे मी तर हातच लावला नाही."

मुलं इतकी हसली की बाकं हलली. सरांचे कान लाल झाले. पण ते जातिवंत मास्तर. हसं झालं तरी धडा सोडायचा नाही. ते म्हणाले, "हसा. पण का उलटा गेला ते सांगा." आणि मग बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. इलेक्ट्रॉन सोडायची घाई जस्ताला जास्त, तांब्याला कमी. म्हणून जस्ताचं टोक ऋण, तांब्याचं धन. सरांनी वायरी बदलल्या. काटा उठला, सरकत सरकत एकच्या थोडा पुढे जाऊन थांबला. त्या वर्षीच्या एकाही मुलानं परीक्षेत हे चुकवलं नाही.

पुढच्या वर्षी सरांनी मुद्दाम उलटं जोडलं.

त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ती पद्धतच पडली. थोरल्या भावंडांनी धाकट्यांना सांगून ठेवलेलं असायचं, की सेलच्या दिवशी काटा सर चुकतात. सर गंभीर चेहऱ्यानं वायरी जोडायचे, मुलं तोंडावर हात दाबून बसायची, काटा टक्कन मागे आपटायचा, बाई म्हणायच्या, "सर, उलटं जोडलंय," सर म्हणायचे, "माझ्या हातून?" आणि वर्ग डोक्यावर घेतला जायचा. मग बाई पूल उचलून घेत, काटा पडे. पूल ठेवला की काटा उठे. आणि मग दोघांची जुगलबंदी चाले.

"बघा रे, ही वीज. म्हणजे फिजिक्स," सर म्हणत.

"वीज आली कुठून? माझ्या बीकरातून," बाई म्हणत.

"बीकरात वीज आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? माझ्या काट्यानं."

"काट्याला हलवलं कोणी? माझ्या जस्तानं. तुमचा काटा नुसता डोलतो, सर. नंदीबैलासारखा."

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, दोघांमधलं कळलं. पण एकट्या तांब्याचं किती असतं?"

बाई म्हणाल्या, "एकट्याचं मोजताच येत नाही. समोर दुसरं काहीतरी ठेवावंच लागतं. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हायड्रोजनला शून्य म्हणायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघायचं."

"पण एकट्याचं असतं तर काहीतरी?"

"असेल. कळायला मार्ग नाही."

आकडा वाचायची पाळी आली की एकेक मूल एक डोळा मिटून तबकडीवर वाकायचं. शेवटी बाई वाकायच्या. एकदा सरही त्याच वेळी वाकले, आणि आरशाच्या त्या बारीक पट्टीत, काट्याच्या शेजारी, त्यांना बाईंचा एक डोळा दिसला. बाई आकडा बघत नव्हत्या. आरशातून सरांकडेच बघत होत्या. दोघंही एकदम ताठ झाले. "एक पूर्णांक शून्य आठ," बाई म्हणाल्या. "शून्य सात," सर म्हणाले. त्या रात्री सरांना झोप लागली नाही. डोळे मिटले की तो डोळा दिसे.

सरळच सांगायचं तर सरांना बाईंशी लग्न करायचं होतं. सुरुवातीला बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तेव्हा विचारणं सरांना बरं दिसेना. मग आई गेल्या. तेव्हा लगेच विचारणं बरं दिसेना. मग वय झालं, आणि या वयात विचारणं बरं दिसेना. बरं दिसेल अशी वेळ सर शोधत राहिले आणि दरवर्षी सेलच्या दिवशी मीटर उचलून परत येताना फळ्यांपाशी थांबून मनाशी म्हणत राहिले, पुढच्या वर्षी. बाईंची धाकटी बहीण दूरच्या गावी एकटी असे, ती सारखी म्हणायची, ये माझ्याकडे, दोघी राहू. बाई हे शिक्षकांच्या खोलीत सांगत आणि वर म्हणत, "बघू. घाई काय आहे?" तेवढ्यावर सरांचं वर्ष निघत असे.

यंदा मात्र पुढचं वर्ष नव्हतं. यंदा विचारायचंच, असं सरांनी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. दाढी करताना आरशासमोर म्हणून बघितलेलं. आणि तेवढ्यात हे पिवळे मीटर आले. कानामागून आले आणि तिखट झाले.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी बाई दरवर्षी सरांच्या दारात यायच्या आणि दोनच शब्द बोलायच्या, "सर, उद्या." यंदाही ती दुपार आली. सरांनी मीटर कपाटातून काढून टेबलावर ठेवला होता, काच पुसली होती. मुलं घरी गेली. शिपायानं खिडक्या लावल्या. फळ्यांपलीकडे बाईंच्या चपलांचा आवाज झाला, कपाटाचं दार वाजलं, कुलूप लागलं. पावलं सरांच्या दारापाशी जरा मंदावली, असं त्यांना वाटलं. मग जिन्यावरून खाली गेली.

सर थोरल्या भावाच्या घरी, वरच्या खोलीत राहत. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येऊन बसले तेव्हा वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय हो भाऊजी, चेहरा का असा? उद्या तुमचा सणच ना? नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

"यंदा नाही. त्यांच्याकडे नवे मीटर आलेत."

"बरं, मग?"

"मग काय? माझं काम उरलं नाही. बोलावणं नाही."

वहिनींनी हातातली घडी खाली ठेवली. "इतकी वर्षं मी गप्प बसले. आता ऐका. तुम्हाला बाईंना विचारायचंय ना? विचारायला तोंड लागतं. मीटर कशाला लागतो?"

सर गडबडले. "कोण म्हणालं मला काही..."

"मी म्हणाले. वर्षातून एकदाच तुम्ही नव्या शर्टाचं नाव काढता, ते मला कळत नाही? उद्या सरळ जा. रिकाम्या हातानं जा."

"न बोलावता? मुलांसमोर? आगंतुकासारखं?"

"अहो, शेजारच्या खोलीत जायचंय, परदेशात नाही! बैल गेल्यावर झोपा करण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही." वहिनी चिडल्या की त्यांचे डोळे भरून येत. तसे ते आता आले. "तुमचे दादासुद्धा असेच. मी विचारलं म्हणून आमचं झालं."

दुसऱ्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला. सेलच्या तासाला त्यांना मोकळीक होती. ती दरवर्षीच असे, त्यांनी वेळापत्रक तसंच मागून घेतलेलं असायचं. पलीकडे मुलं आली, स्टुलं सरकली, बाईंचा आवाज सुरू झाला. जस्त. तांबं. पूल. बुडबुडा राहता कामा नये. सरांना पुढचं वाक्य आधीच ऐकू येत होतं.

ते उठले, मीटर उचलला. मग वाटलं, तिथे टेबलाटेबलावर नवे मीटर मांडलेले, आणि आपण हे धूड घेऊन दारात. मीटर खाली ठेवला. रिकाम्या हातानं दाराकडे गेले. मग वाटलं, रिकाम्या हातानं जाऊन म्हणायचं काय? परत येऊन बसले. पुन्हा उठले. या वेळी दारापर्यंत पोचले, कडीला हात लावला, आणि तेवढ्यात पलीकडे सगळा वर्ग खदखदून हसला. अगदी दरवर्षी हसतो तसा. बाकंसुद्धा हलली.

सर थांबले. आपल्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. मुलं हसतायत, बाई हसतायत, प्रॅक्टिकल छान चाललंय. आपण उगाच मनाचे मांडे खात बसलो. त्यांनी कडीवरचा हात काढला, परत येऊन मीटर पेटीत ठेवला आणि पेटी कपाटात. घंटा झाली तेव्हा ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

नंतरचे दिवस परीक्षांच्या गडबडीत गेले. जिन्यावर भेट झाली की बाई म्हणत, "काय सर?" सर म्हणत, "काय बाई?" जुगलबंदी थांबली होती. पलीकडे काही फुटलं तरी सर बोलत नसत.

मग त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस आला. दुपारी शिक्षकांच्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम झाला. मोठ्या बाईंनी भाषण केलं, त्यात सरांचा शिस्तप्रिय, वक्तशीर आणि मनमिळाऊ असा उल्लेख केला. मनमिळाऊवर मागच्या बाजूला कोणीतरी खोकलं. सरांना एक पेन आणि फुलं मिळाली. केमिस्ट्रीच्या बाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा यायच्या आत निघून गेल्या. त्यांच्या खालच्या वर्गाचं काहीतरी उरलं होतं.

सरांनी चहा घेतला. फुलं टेबलावर राहिली. ते वर आले, आपल्या लॅबवरून पुढे गेले आणि शेजारच्या दारात उभे राहिले.

बाई एकट्याच होत्या. मुलं नुकतीच गेली असावीत. मोरीत बीकरांचा ढीग पडला होता आणि बाई बाह्या सारून ते धूत होत्या.

"या. दारात का?" त्या म्हणाल्या.

"काम काही नव्हतं," सर म्हणाले. "असाच आलो."

बाईंचा हात नळाखाली थांबला. "असाच," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

सरांनी मोरीतल्या ढिगाकडे पाहिलं. मग ते भलतंच बोलले. "सेलच्या दिवशी रंगला होता वर्ग. ऐकलं मी. मुलं फार हसत होती."

"हसणारच." बाईंनी बीकर विसळून बाजूला ठेवला. "मी मुद्दाम उलटं जोडलं. म्हटलं, दरवर्षी होतं ते व्हायला हवं. तर त्या मीटरवर नुसती आकड्याच्या आधी एक रेघ आली. ना टक्, ना काही. मुलं बघतच राहिली. मग एकजण ओरडला, 'बाई, तुम्ही कशाला? हे तर काटा सरांचं काम!' त्यावर सगळी हसली. म्हणाली, सरांना बोलवा, सरांना बोलवा."

"मग?"

"मी म्हटलं, बोलवायचं नाही. येतील."

सर आत येऊन एका स्टुलापाशी उभे राहिले.

"तास संपेपर्यंत पूल काढला नाही मी," बाई म्हणाल्या. "मुलं दाराकडे बघत होती. मीही बघत होते."

"आदल्या दिवशी तुम्ही सांगायला आला नाहीत. मला वाटलं..."

"दरवर्षी मीटर हवा म्हणून येत होते, सर. यंदा मीटर होता. मला बघायचं होतं, मीटर नको असताना तुम्ही येता का."

"मी दारापर्यंत आलो होतो," सर म्हणाले. "माझ्या दारापर्यंत. कडीला हात लावला होता."

"मला काय माहीत? फळ्यांतून आवाज येतो. कडीवरचा हात कसा दिसणार?"

नळ वाहत होता. बाईंनी तो बारीक केला.

"बाई, मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

"ठाऊक आहे." त्या वळल्या नाहीत. "आज नाही, फार दिवसांपासून ठाऊक आहे. सगळं तुमच्या माथी मारत नाही मी. मलाही तोंड होतं. मीही वाटच बघत बसले."

"मग आता विचारू?"

बाईंनी हातातला बीकर खाली ठेवला आणि त्या वळल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. म्हटलं, येते. परीक्षांचं काम आटपलं की नोकरी सोडून येते. ती फोनवर रडली हो. तिचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. किती वर्षं मागे लागली होती. आता तिनं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय, रंग दिलाय. खिडकीपाशी टेबल टाकलंय. काल विचारत होती, पडदे कुठल्या रंगाचे आवडतील." त्यांनी ओल्या हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं. "तिला आता काय सांगू मी? तुम्हीच सांगा."

त्या दिवशी संध्याकाळी. म्हणजे तास संपल्यावर, शिपायानं खिडक्या लावल्यावर. सर तेव्हा शाळेतच होते. कपाटाला कुलूप लावत होते. सरांना वाटलं, आपण आता इथेच, या मुलांच्या स्टुलावर बसून रडावं. पण ते बसले नाहीत.

"काही सांगू नका," ते म्हणाले. "शब्द दिलाय. जायलाच हवं. पडदे निळे सांगा."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना तोंड फिरवावं लागलं.

सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "फडकं कुठंय?"

"कशाला? शिपाई येईल, पुसेल."

"फडकं कुठंय, बाई?"

बाईंनी खिळ्याकडे बोट दाखवलं. सरांनी फडकं काढून झटकलं आणि मोरीपाशी त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. बाई बीकर विसळत आणि न बघता बाजूला धरत. सर तो घेत, आतून पुसत, बाहेरून पुसत आणि फळीवर पालथा घालत. खाली शेवटची घंटा झाली. मुलांचा लोंढा फाटकातून बाहेर पडला आणि मैदान शांत झालं. ढीग संपला. शेवटचा बीकर कधीच कोरडा झाला होता, तरी सर तो पुसत राहिले, आणि मोरीत धुवायला काही उरलं नव्हतं, तरी बाईंनी नळ बंद केला नाही.